चिठ्ठी गळालेला सोरा

बाटल्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. शाळेच्या प्रयोगशाळेत सोऱ्याच्या बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली. बाई म्हणाल्या, "ज्योतीत रंग बघू. मिठासारखा पिवळा निघाला तर मोरीत ओतू, निराळा निघाला तर ठेवू."

"माझा जांभळा कोवळा आहे, पण आहे," सोरा हळूच म्हणाला.

"माझ्या पिवळ्यापुढे टिकवून दाखव," शेजारच्या बाटलीतलं मीठ हसलं.

"आज तुझी पाळी नाही रे," मोरचूद म्हणाला. "ज्योतीत कण धरायची तार धुतलीय, तुझा कणही उरला नाही तिच्यावर."

तार धुतली होती खरी. पण वाकडी दिसली म्हणून बाईंनी घामेजल्या बोटांनी ती सरळ केली. घामातलं मीठ तिला चिकटलं. मग तारेवर सोऱ्याचा कण घेऊन त्यांनी ज्योतीत धरला. सोरा जीव ओतून जळला. ज्योत पिवळीधमक झाली.

"हे तर मीठच," म्हणत तार ज्योतीतच ठेवून बाईंनी बाटली उचलली.

"ज्योतीताई, माझा रंग आलाच नाही का गं?"

"आला होता रे बाळा. पिवळ्याच्या आत होता. मी पाहिला."

"मग त्यांना सांग ना!"

माणसांशी बोलायला ज्योतीकडे रंगाखेरीज दुसरी भाषा नव्हती. ती पिवळीच जळत राहिली, आणि मोरीवरचा नळ सुटला.