तीन पगारांचं निळं दार

बिजली बागेत राहायची. खेळायला नव्हे, राहायला. तिची आई पायानं अधू. दोघी घसरगुंडीखाली झोपायच्या. कारंज्यापाशी दोन बाकांवर दोन म्हातारे, केरबातात्या आणि हिरामावशी. आई, तात्या, मावशी, तिघांनाही सरकारचा निराधारांचा थोडाथोडा पगार यायचा. एकट्याच्या पगारात कुणी खोली देईना. एकत्र यायचं मात्र एकालाही सुचेना. मोठी माणसं अशीच असतात.

एका सकाळी जास्वंदीच्या लालचुटुक कळीतून इवलीशी परी बाहेर आली. पंख सोनेरी, डोळे मोरपिशी.

"बिजली, तू रोज अर्धी भाकरी मावशीला देतेस. माग काय हवं ते."

"घर."

"देते. भाडं तिघांच्या पगारातून जाईल. आणि कुणी 'माझं माझं' केलं, की दार आक्रसेल."

कुंपणात निळंशार दार चमचमलं. ते पाहून तात्या-मावशीही धावत आले.

"चूल माझी वेगळी हं!" मावशी म्हणाली. "या तात्याच्या हातचं मी खायची नाही."

दार बुटकं झालं.

"नको खाऊस. किल्ली माझ्याकडे राहील. पुरुषमाणूस मी."

दार आणखी बुटकं झालं.

"माझा पगार नाही देणार! तुझ्या विड्यांत जाईल," मावशी म्हणाली.

आता त्यातून फक्त बिजलीच गेली असती.

"पटकन शिर, चिमणे," परी म्हणाली.

बिजलीनं आईकडे पाहिलं आणि दारासमोर फतकल मारली.

"आई बाहेर, मी आत? नको मला." मग ती म्हाताऱ्यांकडे वळली. "बाकं तुमचीच होती ना? पावसात काय उपयोग झाला? सत्तर वर्षं नुसती म्हातारं व्हायला घालवलीत!"

"कार्टीची जीभ बघा!" तात्या म्हणाला.

"खरं बोलतेय ती," आई म्हणाली. तिनं आपलं पासबुक बिजलीच्या मांडीवर ठेवलं.

मावशीनं कमरेच्या पिशवीतून आपलं पासबुक काढलं. "घे बाई. पण तात्या, मीठ कमी टाक."

तात्या बराच वेळ पुटपुटला. शेवटी पासबुक देत म्हणाला, "किल्ली खिळ्याला टांगा. घेईल ज्याला हवी तो."

दार झरझर मोठं झालं. दोघा म्हाताऱ्यांनी आईला धरून उंबरा ओलांडवला. परी हसली, गिरकी घेतली आणि लख्ख उजेड होऊन विरून गेली.

आत मावशी-तात्या मिठावरून भांडत होते. बिजली दाराशीच होती. कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. तिनं आजवर कधी दार लावलंच नव्हतं.