घंटेच्या जागी टांगलेला धोंडा

“आभार? या दगडाचे?”

एइताकुने विचारलं आणि घंटाघराकडे हात केला.

चार उघडे खांब, वर जडशीळ कौलारू छप्पर आणि मध्ये तुळईला साखळीने टांगलेला एक ओबडधोबड धोंडा. जिथे घंटा असायची तिथे धोंडा.

मठाचे म्हातारे गुरू, दोशू रोशी, ओसरीवर बसून पायाची नखं कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हो. उतरवण्याआधी मान.”

“रोशी, ही घंटेची थट्टा आहे. पाहुणे येतात आणि तोंड लपवून हसतात.”

“हसू देत. हसण्याने काही पडत नाही.”

किई प्रांतातल्या त्या डोंगरगावाची खरी घंटा युद्धात गेली होती. सरकारला धातू हवा होता. गावाने घंटेला सैनिकासारखा तांबडा-पांढरा पट्टा बांधला, तिला बैलगाडीत चढवलं आणि जयजयकार करत निरोप दिला. त्याच गाडीमागून एइताकुचा थोरला भाऊ किसाकु लढायला निघाला.

घंटा परत आली नाही. किसाकुही नाही.

धाकटा एइताकु पुढे भिक्षू झाला. क्योतोच्या मोठ्या मठात शिकला आणि परतताना भरपूर विद्या घेऊन आला. सोबत ताठाही आणला, तो विद्येपेक्षा थोडा जास्तच भरला असता. पण नव्या घंटेसाठी दारोदार फिरून फुटक्या किटल्या, जुन्या बिजागऱ्या, तुटके झारे मागणारा तोच होता, त्यामुळे गाव त्याचा ताठा चालवून घेत असे.

नवी घंटा उद्या येणार होती. तिचा पहिला टोला आपल्या हाताने, दादाच्या नावाने द्यायचा, एवढ्या एका इच्छेपायी त्याने इतकी वणवण केली होती.

“पहिला टोला मला द्याल ना, रोशी?”

“आधी दगडाचे आभार मान. मग बघू.”

“पण त्याने केलं काय? एकदा तरी वाजला का तो?”

“नाही वाजला.”

“मग आभार कशाचे मानू?”

रोशींनी कापलेली नखं कागदात गोळा केली, कागदाची घडी घातली.

“...ते त्यालाच विचार.”

एइताकु हसला. असली उत्तरं त्याने क्योतोत पोत्याने ऐकली होती. तिथे ती रेशमी आसनावर बसून देत, एवढाच काय तो फरक.

दुपारी रोशी गावात एका वर्षश्राद्धाला गेले. एइताकुने दोन लाकूडतोडे बोलावले आणि साखळी सोडवायला लावली.

एकजण चाचरला. “उद्या घंटा आल्यावरच काढला असता तर...”

“घंटा आल्यावर तिला ताटकळत ठेवू का? जागा मोकळी नको?”

धोंडा उतरला. त्यांनी तो उताराकडे ढकलला आणि तो झाडंझुडपं मोडत खालच्या ओढ्यात जाऊन पडला. एइताकुने हात झटकले. आभाराला वाकलं कोणीच नाही.

ऊन कलायला लागलं तसा समुद्राकडून वारा सुटला. वादळ दुरून निघून जाणार असं रेडिओवर सांगितलं होतं. वादळाने बहुधा रेडिओ ऐकला नव्हता.

पहिल्यांदा छप्पर करकरलं. मग एक खांब आपल्या जोत्यावरून किंचित उचलला गेला आणि धप्पकन परत बसला.

एइताकु जागच्या जागी थिजला.

ते खांब जमिनीत पुरलेले नव्हते. दगडी जोत्यांवर नुसते उभे होते. एवढा डोलारा वाऱ्यात जागेवर राहायचा तर मध्ये काहीतरी जड टांगलेलं हवं. घंटा गेली तेव्हा गावाने तिच्या वजनाचा धोंडा शोधून आणला तो त्यासाठी. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. एइताकुलाही कधीतरी ठाऊक असणार, पण शिकता शिकता काही गोष्टी वाटेत गळून पडतात.

रोशी धापा टाकत पायऱ्या चढून आले. त्यांनी रिकामी साखळी पाहिली. मग ओढ्याकडे पाहिलं.

त्यांनी झगा कमरेला खोचला, दोन्ही हातांनी साखळी धरली आणि पाय वर घेतले. वाळत घातलेल्या मुळ्यासारखे ते वाऱ्यावर झुलू लागले.

“रोशी! सोडा! छप्पर अंगावर येईल!”

“मी फार हलका आहे. तूही ये.”

एइताकुने धाव घेऊन साखळी पकडली. गुरुशिष्य नाकाला नाक लावून लोंबकळत राहिले. वर कौलं खडखडत होती.

“अजून हलतंय, रोशी!”

“हलणारच. तो जड होता.”

“...माझे हात सुटताहेत.”

“त्याचे सुटले नव्हते.”

एवढ्यात पायऱ्यांवर एक टोपली दिसली आणि टोपलीखाली वाकलेली तोकी, एइताकुची आई. टोपलीत तिच्या मुळ्याच्या पिंपावरचा दगड होता. खारवलेले मुळे दाबून ठेवायला तिकडे घरोघरी असे दगड असतात.

नवरा आधीच गेलेला, पाठोपाठ किसाकु गेला. त्यानंतर या बाईने एकटीने शेत कसलं, घर चालवलं, धाकट्याला क्योतोला पाठवलं. यावर ती कधी काही बोलली नाही. मग गावही बोललं नाही.

तिने दगड गवताच्या पोत्यात घातला, पोतं साखळीला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरा दगड आणायला खाली वळली.

तिच्या मागून शेजारणी आल्या. जिच्या घरी जो दगड होता तो घेऊन. पोत्यामागून पोतं साखळीला लागत गेलं. खांब उचलायचे थांबले. हळूहळू करकरही थांबली.

एइताकु खाली उतरला तेव्हा त्याचे तळवे सोलले होते.

“आई... दगड काढलेस. मुळे नासतील सगळे.”

“नासले तर पुन्हा घालेन. हात बघू.”

तिने डोक्याचं फडकं फाडून त्याच्या तळव्यांना बांधलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो ओढ्याकडे बघत होता.

सकाळी आभाळ लख्ख होतं. नवी घंटा आली. माणसांनी हिसके देत, ओरडत ती चढवली. सगळं गाव जमलं आणि एइताकुचा पत्ता नाही.

तो ओढ्यात सापडला. गुडघाभर पाण्यात, धोंड्यावर कपाळ टेकून उभा. लाकूडतोड्याने हाक मारली तरी बराच वेळ हलला नाही.

वर आला तेव्हा डोळे सुजले होते. रोशींनी त्याला बाजूला घेतलं.

“काय म्हणालास त्याला?”

“म्हणालो, तुझ्यामुळे घंटेला यायला जागा राहिली... मी तुला ढकललं. तरी तुझे उपकार आहेत.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही.”

“हं. त्याचा स्वभावच तसा.”

आणि रोशींनी टोला द्यायच्या लाकडी ओंडक्याची दोरी त्याच्या हातात दिली.

एइताकु पुढे झाला. फडकं बांधलेल्या हातांनी त्याने दोरी घट्ट धरली.  गर्दीच्या पार मागे तोकी जमिनीवर बसून पोती सोडत होती. कोणता दगड कोणाच्या घरचा, ते लावून ठेवत होती. घंटेकडे तिची पाठ होती.

एइताकुने ओंडका मागे ओढला.

“पहिला टोला दादासाठी!”

रोशींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. ओंडका हवेतच थांबला.

“...रोशी? आभार मानले ना मी?”

रोशी गर्दीच्या मागे बघत होते.

“दगड एकच होता का रे?”