कोठारात निजलेली किल्लीवाली

बायांनो, एका जुन्या संगणकात ड्रायव्हर मंडळींचं, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रामांचं, कुटुंब नांदत होतं. त्या सकाळी डिस्कचं कोठार उघडलं नाही, तर मालक संगणक भंगारात देणार होता.

वाचणारे भाऊजी म्हणाले, "आधी दार उघडा, मग मी वाचतो."

दार उघडणारी धाकटी म्हणाली, "किल्ली थोरल्या जाऊबाईंकडे असते."

"मग त्या कुठं आहेत?"

"कोठारातच निजल्यात. तिथं सुरक्षित राहतील म्हणून तुम्हीच आत पाठवलंत ना?"

दार उघडल्याशिवाय जाऊबाई येईनात आणि जाऊबाईंशिवाय दार उघडेना. धाकटीनं देवाला हात जोडले.

तेवढ्यात मालकानं शेवटचा उपाय म्हणून जोडलेली पेनड्राईव्ह पाहुणी आली. तिच्यासोबत तसलीच दुसरी किल्लीवाली होती. दार उघडलं. जाऊबाई डोळे चोळत म्हणाल्या, "मला हाक का नाही मारलीत?"

तेव्हापासून जाऊबाईंचं अंथरूण उंबऱ्याबाहेर पडतं. देव त्यांना पावला, तसा अडलेल्या प्रत्येकाला पावो.