जपून आलेला राग

सरदार सर्जेरावाने म्हादू कुंभाराला भर दुपारी कापलं, आणि संध्याकाळी तो सुखाने घरी जेवायला जाणार होता. राज्यात खुनाला फाशी होती. पण राग अनावर होऊन खून झाला तर नुसता दंड. ही सवलत म्हणे सगळ्यांना होती. मात्र गरिबाला राग आला की तो माजला, आणि सरदाराला आला की बिचाऱ्याचं भान हरपलं!

"रस्त्याने चाललो होतो. म्हादू मला चोर म्हणाला," सर्जेराव राजापुढे सांगू लागला. "डोक्यात तिडीक गेली. धावत त्याच्या अंगणात शिरलो, पुढचं काही आठवत नाही."

म्हादू तसं म्हणाला असता तरी खोटं नव्हतं. त्याची तळ्याकाठची मातीची जागा सर्जेराव गिळायला बसला होता. पण दरबारात हे कोण बोलणार?

म्हादूची लेक सगुणा तेवढी बोलली. "महाराज, सरदार पुरते शुद्धीवर होते."

राजा भद्रसेन वैतागला. "त्या घटकेला त्याच्या डोक्यात काय होतं ते मला डोळ्यांनी दाखव. मग देतो फाशी. नाहीतर गप घरी बस."

"दाखवते. उद्या आमच्या अंगणात यावं."

दुसऱ्या दिवशी राजा आला. मागे मिशीला पीळ देत सर्जेराव, त्याच्यामागे हवालदार. अंगणभर कच्ची मडकी वाळत मांडली होती, खुनाच्या दिवशी होती तशीच. पलीकडे, बाप पाठमोरा बसायचा त्या चाकापाशी सगुणा उभी होती. नमस्कारही न करता ती म्हणाली, "आलात? त्या मुकुटाखाली डोकं आहे की मडकं, ते वाजवून बघायचं होतं. मला तर कच्चंच वाटतं."

"जीभ हासडतो तुझी!" राजा तलवार उपसून सरळ तिच्या अंगावर धावला. पायाखाली मडक्यांचा चुरा झाला, एक पाय रांजणात अडकला, आणि महाराज चाकाशी येऊन पालथे पडले.

सगुणा जागची हलली नाही. "महाराज, भान हरपलेला माणूस असा येतो. आता मागे बघा, किती फुटली. त्या दिवशी सरदार याच वाटेने आले. बापाचं प्रेत न्यायला तुमच्या हवालदाराने मडकी उचलून वाट केली. त्याला विचारा, एक तरी फुटलं होतं?"

"एकही नाही, महाराज," हवालदार म्हणाला.

"आवाज होऊन बाप मागे वळू नये, म्हणून यांचा राग एकेक पाऊल जपून टाकत आला."

राजाने रांजणातून पाय सोडवला, स्वतःचा अवतार पाहिला आणि खो खो हसत सुटला. "पोरी, तळ्याकाठची माती आजपासून तुझी. तिला कोणी हात लावायचा नाही."

राजा हसतोय म्हणून सर्जेरावही हसला.

"तू कशाला हसतोस?" राजा म्हणाला. "तुला फाशी आहे."