न संपणारा गज

एकदा एका वृद्ध संगीत-संयोजकाकडे त्यांची शिष्या आपले नवे काम ऐकवायला आली. पुसाळकर मास्तरांनी तरुणपणी व्हायोलिन वाजवले होते आणि पुढे मोठ्या वाद्यवृंदांसाठी रचना केल्या होत्या. आता त्यांची फुप्फुसे निकामी होत चालली होती. नाकाला नळी लावून, ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी ते दिवसभर खुर्चीत बसून असत.

शिष्येचे नाव शलाका. तिला एका माहितीपटाचे पार्श्वसंगीत करायचे होते. गटार साफ करायला उतरलेला एक कामगार विषारी वायूने आत कोसळला, त्याला काढायला त्याचा धाकटा भाऊ उतरला आणि दोघांचेही मृतदेहच वर आले, अशी त्यातली हकिकत होती. धाकट्याची पत्नी रंजना त्या वेळी गटाराच्या तोंडाशी उभी होती. माहितीपट सर्वप्रथम तिच्याच वस्तीत दाखवला जाणार होता.

वादक बोलावणे शक्य नव्हते, म्हणून शलाकाने सारा व्हायोलिनचा ताफा संगणकावर उभा केला होता. अशा सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या वादकांचे सूर मुद्रित करून ठेवलेले असतात. कुठे तारांवरून लांब ओढलेला गज, कुठे तुटक, कुठे बोटाने छेडलेली तार, कुठे नुसती थरथर. कीबोर्डच्या अगदी डावीकडच्या पट्ट्यांना एकेक वादनप्रकार नेमून द्यायचा; ती पट्टी दाबली की ताफा त्या प्रकाराने वाजू लागतो. ही जुळवणी शलाकाने फार कष्टाने केली होती. दोघे भाऊ गटारात गुदमरतात त्या मुख्य प्रसंगासाठी तिने लांब गजाचा सूर असा बसवला होता की तो कुठेही न तुटता वाढतच जाई. गज टोकाला पोचून कुठे उलटला, म्हणजे उलट दिशेने फिरला, हे कानाला कळू नये, म्हणून तिने प्रत्येक सांधा बुजवून टाकला होता.

मास्तरांनी सगळे शांतपणे ऐकले. मग त्यांनी मुख्य प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. सूर सुरू होताच त्यांनी नाकाची नळी काढून मांडीवर ठेवली.

"गज उलटला की लावीन," ते म्हणाले.

शलाकाला काही उमगेना. सूर चढत गेला. मास्तरांची छाती जोरात वरखाली होऊ लागली. ती उठली, तेव्हा त्यांनी तळवा उंचावून तिला थोपवले. त्यांचे ओठ काळपट पडले, बोटे खुर्चीच्या हातावर आवळली गेली, आणि सूर तसाच, तितकाच सुंदर, पुढे वाहत राहिला. अखेर शलाकाने धावत जाऊन तो बंद केला आणि नळी त्यांच्या नाकाला लावली.

शलाका रडत होती, रागावलीही होती. हे त्यांनी का केले, असे तिने विचारले.

मास्तर थांबत थांबत बोलले. "गज फार तर दीड हात लांब असतो. कितीही जपून ओढला तरी संपतो. तो संपत आल्याचं वाजवणाऱ्याच्या खांद्याला कळतं, आणि तिथून ते ऐकणाऱ्याला कळतं. तुझ्या वादकांना दम लागत नाही, शलाका. मग दम कोंडून गेलेल्या माणसांबद्दल ते काय सांगणार?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "त्या दोघांचं वाईट वाटलं तेव्हा तू सूर वाढवत नेलास. मला गुदमरताना पाहिलंस तेव्हा तो बंद केलास. यातलं खरं कुठलं, ते तुझ्या हाताला कळलंय आता."

शलाकाने घरी जाऊन सारी जुळवणी मोडली. हातात गज असल्यासारखा हवेत हात ओढून, एका गजात जेवढा सूर मावेल तेवढाच तिने ठेवला. गजाच्या टोकाशी होणारी क्षीण खरखर तिने पूर्वी पुसून टाकली होती, ती परत आणली. आणि धाकटा भाऊ आत उतरतो तिथे सगळा ताफाच थांबवला.

मास्तरांना ते ऐकता आले नाही. त्याच आठवड्यात त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि तिथून ते परतले नाहीत. त्या दिवशी नळी काढल्याचा याच्याशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी तिला समजावले. तिचा त्यावर पूर्ण विश्वास कधीच बसला नाही.

वस्तीतल्या समाजमंदिरात माहितीपट दाखवला गेला. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसे हळूहळू बाहेर पडली. रंजना मात्र जागेवरच बसून होती. संगीत कोणी केले, हे तिने दिग्दर्शकाला विचारले आणि शलाकाला बोलावून घेतले.

"हे आत उतरले, आणि असंच सगळं गप्प झालं होतं," ती म्हणाली. "तुम्ही होता का तिथं?"

शलाकाने नाही म्हणून सांगितले.

रंजनाने शेजारची खुर्ची पुढे ओढली. मग ती त्या दिवसाविषयी बोलू लागली. बोलता बोलता थांबे, पुन्हा बोले, पुन्हा थांबे. शलाका ऐकत राहिली, आणि तिने रंजनाचे एकही थांबणे शब्दांनी भरून काढले नाही.