दोन पागोट्यांचा करार

पूर्वी अंजनपूर नगरात राजा यशोवर्मा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्या नगराचा मुद्राधिकारी होता. नगराच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक करारावर शिक्का मारायचा तो त्यानेच. लहानपणी त्याचे आईबाप गेले, तेव्हा विमलश्रेष्ठी नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घरी नेले, जेवू घातले, अक्षरे शिकवली आणि पुढे शब्द टाकून हे पदही मिळवून दिले. रोज सकाळी कामाला निघताना बोधिसत्त्व समोरच्या श्रेष्ठीच्या घराकडे वळून हात जोडत असे. लोक त्यावरून त्याची थट्टा करीत, आणि तो ती खुशाल करू देई.

अंजनपुरात करार करायची एक रीत होती. सभागृहाच्या मध्यभागी एक काळी शिळा होती. पैसे देणाऱ्याने शिळेच्या एका बाजूला उभे राहायचे, घेणाऱ्याने दुसऱ्या. देणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत बघून तीन प्रश्न विचारायचे. कशासाठी नेतोस? कधी परत देशील? नाही जमलं, तर कोणाचं जाईल? उत्तरे मोठ्याने द्यायची आणि ती ऐकून मुद्राधिकाऱ्याने शिक्का मारायचा.

एका वर्षी कुंभारवाड्याला आग लागली आणि साठ घरे जळाली. तो भाग नव्याने वसवायला राजाने एक नवरचना मंडळ नेमले, आणि मंडळाला लागेल तो पैसा नगराच्या कोषातून उसना द्यायचा ठरला. कोषाचा प्रमुख होता विमलश्रेष्ठी. नगरात त्याच्याइतका हुशार माणूस नाही, म्हणून राजाने मंडळाचा प्रमुखही त्यालाच केले. राजाचे मन चांगले होते, पण डोके तेवढ्यावरच थांबले.

मग शिळेपाशी मोठी मौज झाली. श्रेष्ठी कोषाचे पांढरे पागोटे घालून या बाजूला उभा राही, तिन्ही प्रश्न विचारी, मग शिळेला वळसा घालून पलीकडे जाई, मंडळाचे लाल पागोटे चढवी आणि स्वतःच्याच प्रश्नांना उत्तरे देई. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणे, "मंडळाचं जाईल." सभासद हसू दाबत आणि बोधिसत्त्व शिक्का मारी. असे दोनदा झाले. खरे सांगायचे तर दोन्ही वेळा बोधिसत्त्वालाही हसू आले होते.

श्रेष्ठी लबाड नव्हता, बरे का. त्याला नगर देखणे करायचे होते. पहिल्या पैशांत जळक्या जागेच्या दर्शनी बाजूला दगडी दुकानांची रांग उभी राहिली, दुसऱ्या पैशांत कमानी झाल्या आणि एक कारंजे झाले. कुंभारांची घरे तेवढी राहून गेली. निम्मी दुकाने रिकामी होती, त्यामुळे भाडे थोडे येई आणि व्याज चढत जाई. ते व्याज फेडायला आता तिसरा करार लिहिला गेला होता. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पैसे परत आले नाहीत, तर मंडळाचे जे असेल ते कोषाने घ्यावे, असे त्यात होते.

तीन वर्षे कुंभार नदीपलीकडच्या जुन्या हत्तीखान्यात राहत होते. सभेच्या आदल्या दिवशी बोधिसत्त्व तिथे गेला. नवा करार होतो आहे, व्याज फिटले की घरे मिळतील, ही चांगली बातमी द्यायला तो मोठ्या आनंदाने गेला होता. पाटला नावाची म्हातारी कुंभारीण त्या वस्तीत वडीलधारी होती. तिने मडक्यातून त्याला पाणी दिले. मडके झिरपत होते.

"इथली माती खारट आहे," ती म्हणाली. "भाजताना भांडं तडकतं. आमची खाण वाड्याच्या मागं राहिली." मग तिने विचारले, "बाबा, तुमच्या सभेत तीन प्रश्न विचारतात म्हणे. तिसऱ्याला काय उत्तर दिलं?"

"मंडळाचं जाईल, असं."

"आणि मंडळाचं काय आहे?"

बोधिसत्त्व आठवू लागला. मंडळाला ना शेत होते, ना गुरे, ना गोदाम. राजाने त्याच्या हवाली एकच गोष्ट केली होती, कुंभारवाड्याची जागा आणि तिच्यामागची मातीची खाण.

"आजी," तो म्हणाला, "मी दोनदा शिक्का मारला आणि हे विचारलं नाही."

"मग आता विचार," पाटला म्हणाली आणि उरलेले पाणी तिने त्याच्या ओंजळीत ओतले.

चारचौघांत श्रेष्ठीची शोभा व्हायला नको, म्हणून बोधिसत्त्व तिथून तडक त्याच्या घरी गेला. श्रेष्ठीने सगळे ऐकून घेतले आणि तो हसला. "अरे, दोन्हीकडे मीच आहे. मी फसवणार कोणाला? उद्या मुकाट्याने शिक्का मार. इतकं माझ्यासाठी करशील ना?"

बोधिसत्त्वाने वाकून नमस्कार केला आणि तो निघाला. आईबाप गेल्यावर पहिला घास त्याने याच घरात खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी राजासमोर सभा भरली. श्रेष्ठीने पांढऱ्या पागोट्यात प्रश्न विचारले, वळसा घातला, लाल पागोट्यात उत्तरे दिली आणि हात पुढे केला. बोधिसत्त्वाने शिक्का उचलला आणि शिळेवर आडवा ठेवला.

"महाराज," तो म्हणाला, "तिसरा प्रश्न मी ऐकला, पण त्याचं उत्तर अजून ऐकलेलं नाही. ज्यांचं जाणार आहे, ती माणसं नदीपलीकडं आहेत. मागचे दोन शिक्के मी न विचारता मारले. तो दोष माझा आहे. त्यासाठी पद काढून घ्या, पण हा शिक्का मारायला सांगू नका."

श्रेष्ठीचा चेहरा उतरला. "खाल्ल्या मिठाला असा जागलास होय?"

"जागतोय म्हणूनच थांबलो, काका," बोधिसत्त्व म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो. तुमच्या ओसरीवर खेळता खेळता कुणाच्या तरी कागदावर शिक्का उमटवायला निघालो होतो. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, आधी कोणाचं जाईल ते बघ. माझ्याजवळ जे काही आहे, ते त्या दिवसापासूनचं आहे. आज फक्त मनगट तुमचं आहे."

राजाने पाटलेला बोलावणे धाडले. ती मातीचे हात पुसत आली आणि शिळेच्या पलीकडे, जिथे लाल पागोटे उभे राही, तिथे उभी राहिली. श्रेष्ठीला आता तिच्या डोळ्यांत बघून विचारणे भाग होते.

"नाही जमलं," तो म्हणाला आणि थांबला. "तर कोणाचं जाईल?"

"आमचं," पाटला म्हणाली.

श्रेष्ठीने लाल पागोटे उतरवून शिळेवर ठेवले. "हा प्रश्न मी आजवर स्वतःलाच विचारत आलो," तो म्हणाला, "म्हणून उत्तर कधी जड गेलं नाही."

तिसरा करार तिथेच फाडला गेला. नवा लिहिला, तो असा: आधी घरे बांधायची, कोषाचे पैसे दुकानांच्या भाड्यातूनच फिटतील, आणि भाडे नाही आले तर कोषाने थांबायचे, जागा आणि खाण कधीही गहाण पडायची नाही. मंडळाचे लाल पागोटे राजाने पाटलेच्या डोक्यावर ठेवले. बोधिसत्त्वाचे पद त्याने काढले नाही, पण बोधिसत्त्वाने आपण होऊन एक वर्षाचे वेतन घरांच्या पायासाठी दिले.

कुंभार परतले. नव्या वाड्यातल्या पहिल्या भट्टीची दोन मडकी पाटलेने स्वतः नेऊन दिली, एक बोधिसत्त्वाला आणि एक श्रेष्ठीला. श्रेष्ठीने आपल्या मडक्यात पाणी भरून ते दिवसभर ओसरीवर ठेवले. संध्याकाळी त्याने खालची फरशी हाताने चाचपली. ती कोरडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व हात जोडायला वळला, तेव्हा समोरच्या ओसरीवर म्हातारा श्रेष्ठी त्याच्याकडे बघत हात जोडूनच उभा होता.

आपल्या पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज हा विहार बांधून देणारे गृहपती. पाटला म्हणजे आपल्या दारातले रांजण रोज भरणारी ती वृद्ध उपासिका. विमलश्रेष्ठी म्हणजे भांडार सांभाळणारे आपले स्थविर भद्रसेन, जे आत्ता डोळे पुसत आहेत. आणि तो मुद्राधिकारी मीच होतो. ज्याने आपल्याला हात दिला, त्याचा हात चुकू लागला की तो धरावा. याला कृतज्ञता म्हणतात."