भरतीची हाक

मोबाइलमधली अ‍ॅप एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. खाडीत कालवं काढणाऱ्या शेवंतीकाकीसाठी तिच्या पुतण्याने, निनादने, एकट्याने एक छोटं अ‍ॅप बनवलं. भरती लागली की ते हाक मारायचं, एरवी गप्प.

“आम्हाला काकी दिवसभर उघडते. तुला कोण विचारतं?” शेजारची अ‍ॅप हिणवायची.

हिरमुसलेलं अ‍ॅप निनादच्या मागे लागलं, “मलाही बोलू दे ना!” निनादलाही मोह झाला. मग अ‍ॅप सकाळी शुभेच्छा देऊ लागलं, दुपारी कोडी घालू लागलं. काकीने वैतागून त्याचा आवाजच बंद केला.

एके दिवशी पाणी चढू लागलं. काकीच्या गळ्यातल्या पिशवीत अ‍ॅप जिवाच्या आकांताने ओरडलं. काकी आपली खाली वाकून कालवं काढतच राहिली.

टोपली वाहून गेली. छातीपर्यंत भिजलेली काकी कशीबशी काठाला लागली.

“तुझं अ‍ॅप आज बोललंच नाही रे!”

“बोललं गं काकी,” निनाद खाली मान घालून म्हणाला, “पण त्याआधी फार बोललं होतं.”